कोनशिला बसली, कठडा कुठे आहे?

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी माझ्या आईचा पाय गरम पाण्याच्या कुंडात भाजला. कठडा मोडलेला, पायरी शेवाळलेली, पाणी किती तापलंय याची पाटी नाही. घोट्यापासून पोटरीपर्यंत टरारून फोड आले. दवाखान्यात म्हणाले, मलम बाहेरून आणा. गुडघ्यांना उतार पडावा म्हणून आलेली बाई आता अंथरुणाला खिळलीय. तिचं उठवणं-बसवणं, पट्ट्या बदलणं मी करते, बिनपगारी रजेवर. रात्री चादर लागली तरी ओरडते ती.

या कुंडावर कठडा, थंड पाण्याचा नळ आणि बायकांना कपडे बदलायला खोल्या होणार, हे आपणच नारळ फोडून जाहीर केलं होतं. कोनशिला झकास आहे, नाव सोनेरी अक्षरांत. बायका तिच्याच आडोशाला साडी धरून कपडे बदलतात. चला, काहीतरी उपयोग झाला!

कुंडामागचा डोंगर म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ. तो लाव्हा केव्हाच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि भेगांतूनच वर येतं. सगळी करामत त्या भेगांची. आणि तुमच्या राज्यात त्याच डोंगराला खडीसाठी सुरुंग लावतात! उद्या झरा बुजला तर जाब कोणाला विचारायचा, ठेकेदाराला?

वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर... कोकणपट्टीत 18 ठिकाणी साठेक झरे आहेत म्हणे. उन्हवऱ्याचं पाणी तर 70 अंशांच्या घरात. आता 2025 मध्ये केंद्रानं भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेचं धोरणही काढलं. देशात 381 झरे, 10,600 मेगावॅटची क्षमता. काढा की वीज, आमची ना नाही. पण तीन हात कठड्याची फाइल ज्यांच्याकडून हलत नाही, ते जमिनीखालची वाफ वर आणणार? इथे प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, 'हे आमच्याकडे येत नाही.' कर मात्र बरोब्बर तुमच्याकडे येतो. निवडणुकीत मतही येतं. रस्ता, दवाखाना, शाळा, कुठेही जा, आधी फलक लागतो आणि पुढे सगळा आनंदीआनंद.

पाहणीसाठी येणार असाल तर हारतुरे, कॅमेरेवाले नकोत. एक गवंडी आणि सिमेंटच्या चार गोण्या पाठवा. सुरुंग आजच बंद करा. आणि आईच्या मलमाची बिलं जोडली आहेत, ती कोणत्या टेबलावर द्यायची तेवढं कळवा.

आपली,
कोकणातली एक करदाती