हार्ट-लंग मशीनला एआय जोडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छाती उघडून झडप बदलताना किंवा हृदयाचे छिद्र बुजवताना बहुधा हृदय थांबवावे लागते. त्या वेळात रक्ताभिसरण आणि श्वसन सांभाळणारे हार्ट-लंग मशीन परफ्युजनिस्ट चालवतो. आता या मशीनलाही एआय जोडण्याची भाषा सुरू झाली आहे. आमचा त्याला विरोध नाही. पण जळगाव, धुळे, नंदुरबारचा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवला तर पैसे आधी कशावर खर्चावेत, एवढेच मांडायचे आहे.

एआयच्या नावाने जे दाखवले जाते त्यातले बरेचसे साधे गणित असते. उदाहरणार्थ, आपल्याकडे नेहमी दिसणारी रुग्ण घ्या: वजन 50 किलो, उंची 150 सेंमी, हिमोग्लोबिन 10.5. शरीराचे पृष्ठफळ 1.44 चौरस मीटर आणि अंगातले रक्त साधारण 3250 मिली. मशीनच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) भरायला 1200 मिली द्रव वापरला, तर तो रक्तात मिसळताच हिमोग्लोबिन 7.7 वर येते. प्रवाह पुस्तकी, म्हणजे प्रति चौरस मीटर 2.4 लिटर ठेवला, तर धमनीतले रक्त ऑक्सिजनने पूर्ण भरलेले असूनही शरीराला मिनिटाला प्रति चौरस मीटर 261 मिलीच ऑक्सिजन मिळतो. मूत्रपिंड सांभाळायचे तर हा आकडा 280 च्या वर हवा, असे आता मानले जाते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत हे पथ्य पाळलेल्या गटात मूत्रपिंडाची सौम्य इजा कमी आढळली. गंभीर इजेत मात्र फरक दिसला नाही.

यावर उपाय दोन. एकूण प्रवाह 3.46 वरून 3.7 लिटरच्या थोडा वर न्यायचा, किंवा नळ्या आखूड करून, रुग्णाच्याच रक्ताने त्या उलट दिशेने भरून घेऊन द्रव 900 मिलीवर आणायचा. दुसऱ्या उपायाने हिमोग्लोबिन 8.2 राहते आणि ऑक्सिजन 279 वर, म्हणजे जवळजवळ 280 पर्यंत, पोचतो. नळी कापायला कात्री लागते, सॉफ्टवेअर नव्हे. एआयचा खरा उपयोग पुढे आहे. दाब, तापमान, शिरेतल्या रक्ताचे सॅच्युरेशन (त्यातले ऑक्सिजनचे प्रमाण) यांचा एकत्रित कल पाहून आकडा घसरण्याआधी सूचना देणे त्याला माणसापेक्षा चांगले जमू शकते. पण त्याला मिळणारे आकडे खरे असले तरच.

इथेच गोम आहे. रोलर पंपाच्या (फिरत्या रोलरने नळी दाबून रक्त पुढे ढकलणाऱ्या पंपाच्या) पडद्यावर दिसणारा प्रवाह बहुधा मोजलेला नसतो. फेऱ्या आणि नळीचा आकार यांचा तो गुणाकार असतो. नळी अर्धा इंची आणि सेटिंग तीन अष्टमांश इंचाचे राहिले, की आकडा खोटा. रोलरचा दाब सैल असला तरी खोटा. (मीटरभर उंचीचा द्रवस्तंभ मिनिटाला साधारण 1 सेंमी उतरावा, ही जुनी तपासणी घाईत वगळू नये.) शिवाय फिल्टरची हवा काढणारी नळी उघडी असते, कधी हिमोकॉन्सेंट्रेटर (रक्तातले जादा पाणी काढणारा फिल्टर) चालू असतो, तेवढे रक्त रुग्णापर्यंत न जाता परत रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे मशीनच्या रक्त साठवणाऱ्या टाकीत, येते. पाटाच्या मुखाशी किती पाणी सोडले यावरून टेलच्या शेतात किती पोचले हे कळत नाही, गिरणेकाठच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. सगळे फाटे संपल्यानंतरच्या मुख्य नळीवर अल्ट्रासाउंडचा फ्लो प्रोब बसवला तरच रुग्णाला मिळालेला प्रवाह कळतो. तो नसताना एआय घेणे म्हणजे चुकीच्या आकड्यावर आत्मविश्वासाने सल्ला घेणे.

एआयच्या मॉडेलला शस्त्रक्रियेचे टेबल दिसत नाही, हीसुद्धा अडचण आहे. सर्जनने हृदय उचलले, शिरेची नळी पिळली गेली किंवा तीत हवा अडकली, तर तिन्ही वेळा पडद्यावर एकच दिसते: रिझर्व्हॉयरची पातळी उतरते. पहिल्यात सर्जनला हृदय खाली ठेवायला सांगायचे, दुसऱ्यात नळी सरळ करायची, तिसऱ्यात हवा रिझर्व्हॉयरकडे सरकवायची. केवळ पातळी पाहून प्रवाह आपोआप कमी करणारी यंत्रणा हवा रुग्णात जाऊ देणार नाही हे खरे. पण कारण तसेच राहील आणि तोवर मेंदूला रक्त कमी मिळेल.

खानदेशापुरता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत हा आजार आणि त्याचे वाहक आहेत. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला स्वतःलाही माहीत नसते. मशीनवर मात्र थंडावा, रक्तातली आम्लता, कमी ऑक्सिजन आणि थांबलेले रक्त, पेशी वाकडी करणारी चारही कारणे एकत्र येऊ शकतात. अशा रुग्णाला फारसे थंड करायचे नसते, शिरेतले सॅच्युरेशन चढे ठेवायचे असते, आम्लता लगेच दुरुस्त करायची असते. आजार असेल तर रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन बहुधा 30 टक्क्यांखाली आणतात. मॉडेल शिकले त्या नोंदींत असे रुग्ण नसतील, तर ते नेहमीच्या सवयीने दोन-चार अंश थंड करण्याचा सल्ला देईल आणि पडद्यावर सगळे हिरवे दिसेल. सिकलसेल शोधणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे, पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी लागतेच. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 पासून सुरू आहे. त्यात तपासणी झालेल्यांचे कार्ड हृदयशस्त्रक्रियेच्या कागदांत लावणे सक्तीचे करावे, ही आमची शासनाला विनंती.

नोंदींचेही तसेच. हाताने भरलेल्या तक्त्यावर दर 10-15 मिनिटांनी एक आकडा पडतो आणि मधली घसरण कुठेच उमटत नाही. त्यामुळे आधी मशीनमधून आपोआप नोंद घेणारी व्यवस्था हवी. रुग्णाचे नाव वगळून त्या नोंदी जपल्या, तर काही वर्षांनी आपल्याच रुग्णांवर मॉडेल तपासता येईल.

विक्रेत्याला रुग्णालयांनी हेही विचारावे: 40 ते 50 किलोच्या किती रुग्णांवर हे तपासले? केवळ सूचना देते की पंप स्वतः हलवते? हलवत असेल तर एका बटनाने हातात घेता येते का? आपल्या देशात 1 एप्रिल 2020 पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही येते, तेव्हा परवाना दाखवायला सांगण्यात संकोच नको. आणि मे महिन्यात वीज गेली, बॅटरीही संपत आली, तर पंप हाताने फिरवायचा हँडल मशीनला लटकवलेला आहे ना, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.

आपले,
खानदेशातील काही परफ्युजनिस्ट
जळगाव