पत्रास कारण की, तो आठच होता

पुणे, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि. वगैरे. गणपतीपासून तुझे तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही. पहिल्या वेळी खरंच बसमध्ये लोंबकळत होतो. उरलेले दोन लाजेपोटी राहिले. मेसेज टाकला असता, पण तू त्यावर अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, आणि हे प्रकरण अंगठ्यावर भागणारं नाही. तब्येत बरी. गुडघा आहे तिथेच आहे. आईची साखर वर-खाली. झालं.

पत्रास कारण की, तो आठच होता.

कळलं ना? बावीस वर्षांनी लिहून देतोय, हवं तर फ्रेम करून म्यूनिकच्या घरात लाव. आपल्या मिगच्या नंबरातला शेवटून दुसरा आकडा आठ, तीन नव्हे. तू बरोबर होतास, मी गाढव होतो. हसून झालं की पुढे वाच.

26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 या लढाऊ विमानाचा निरोप झाला, तो तू पाहिलाच असशील. हवाईदल प्रमुख स्वतः ‘बादल-3’ हे रेडिओवरचं नाव घेऊन उडाले, खाली उतरल्यावर पाण्याचे फवारे, सगळं साग्रसंगीत. 1963 पासूनची बासष्ट वर्षं. त्याआधी महिनाभर जो तो आपापल्या गावातलं चबुतऱ्यावरचं मिग आठवायला लागला होता. आपल्या त्या मैदानातल्या मिगवर वसतिगृहातली पोरं बाराही महिने चड्ड्या वाळत घालायची, तर संस्थेला अचानक उमाळा आला आणि त्यांनी पेंटर बोलावला.

मला हे भाऊबीजेला कळलं. ताईकडून येताना वाकडी वाट करून गेलो, तर आपलं मिग लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यासारखं चमकतंय! नाकातल्या साळुंक्या हाकललेल्या, पुढच्या वेग मोजायच्या पिटोच्या नळीलासुद्धा लाल ऑइलपेंट. (नळी मधोमध वर, म्हणजे मिग-21 चा एफएल प्रकारच. तेवढं तरी मी 2003 ला बरोबर सांगितलं होतं, हे विसरू नकोस.) आणि शेपटावर हातभर उंचीचे काळे आकडे. शेवटून दुसरा तीन.

शिपायाला विचारलं, नंबर कुठून घेतला हो? तो मला ऑफिसात घेऊन गेला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आपला फोटो. प्रदर्शनानंतर आपण मोठ्या मनानं भेट दिलेला. खाली माझ्या अक्षरात नंबर आणि आपली दोघांची नावं. शेपटावरचे आकडे पार उडालेले आणि समोर काचेत ठळक लिहिलेलं, तर पेंटर बिचारा काय करणार? त्यानं आपल्यावर विश्वास ठेवला. बंड्या, माझी चूक आता विमानावर आहे, दोन कोट देऊन.

ती रात्र आठवते ना? तुझ्या गच्चीवरच्या खोलीत फोटोंना ओळी लिहीत बसलो होतो. तू म्हणालास, आकडा वाचता येत नाही, प्रश्नचिन्ह टाक. मी म्हणालो, प्रश्नचिन्ह टाकलं तर लोक म्हणतील, यांना काही येत नाही. तू म्हणालास, येत नाहीच. मग साहजिकच शाळेच्या वरळीच्या सहलीची गोष्ट निघाली. सहलीत नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात अख्ख्या वर्गाला मी ‘हे मिग’ म्हणून सांगितलं आणि तू मागून ओरडलास, “पाटी वाच की, मारुत आहे!” सहावीपासून ते देशी बनावटीचं मारुत विमान तू माझ्या डोक्यावर आदळतोयस. शेवटी तू रागानं झोपलास आणि मी तीन लिहून टाकला. विमानांचे नंबर टिपायच्या आपल्या लांब वहीच्या पहिल्या पानावर तुझ्याच अक्षरात ‘दिसेल तेच लिहायचं’ असं असताना.

आता पुरावा. त्या रात्री घरी येऊन जुन्या निगेटिव्हचा डबा काढला. आपला झेनिट, (रशियन विमानाला रशियन कॅमेरा, हा तुझा तेव्हाचा एकमेव विनोद) 36 चा रोल, आणि त्यातल्या तीन फ्रेम तू चाकाच्या खळग्यात डोकं घालून, पाठीवर झोपून अंधारावर घालवल्या होत्यास. मी केवढा आरडाओरडा केला होता, कारण रोल माझ्या पैशाचा होता. (अर्धे पैसे दिले असं तू म्हणतोस. दिले नाहीस.) फ्रेम 31 स्कॅन करून उजळली, तर चाकाच्या दाराच्या आतल्या बाजूला ब्रशनं काढलेले शेवटचे तीन आकडे. झाकणं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून फिटर लोक टाकतात तसे. मधला चक्क आठ, पोटभर जेवलेला.

तू म्हणशील, दार दुसऱ्या विमानाचं बसवलेलं असेल. मीही तीच पळवाट काढून पाहिली. म्हणून शेपटाची फ्रेम मोठी केली. संध्याकाळचं तिरपं ऊन होतं. आकड्याच्या डाव्या बाजूचा रंग उडालाय, पण रंगाखाली झाकलेला पत्रा आजूबाजूच्या पत्र्याइतका काळवंडलेला नाही. तीनच्या दोन्ही उघड्या तोंडांवर उजळ कमानी दिसतात. ऊन होतं, फोटो होता, बघणारा गाढव होता.

ठरवलं, रविवारी जायचं, संस्थेच्या सरांना सगळं सांगायचं. त्यात काय? तीनचा आठ करायला पेंटरला ब्रशचे दोन फटकारे पुरतात.

गेलो, तर मिगखाली एक आजोबा उभे. साताऱ्याकडचे, सकाळच्या एसटीनं आलेले, बरोबर नातू. नातवानं कुणाच्या तरी मोबाइलवर रंगवलेल्या विमानाचा फोटो पाहिला, आजोबांना दाखवला आणि आजोबांनी नंबर ओळखला. हवाईदलात शस्त्रं भरणारे फिटर होते. डिसेंबर 1971 ला गुवाहाटीला, 28 नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये, वय बावीस. 14 तारखेला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग गेली, ती यांच्याच डोळ्यांदेखत सुटली. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डायरी काढली. त्या दिवसाच्या पानावर नंबर. शेवटून दुसरा तीन.

बंड्या, त्यांनी आधी काही बोलून दाखवलं नाही. पोटाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी दोनदा थाप मारली. मग नातवाला म्हणाले, “ह्याच्या पंखाखाली मी रॉकेट भरलीत.” पिशवीतून झेंडूची माळ काढून पुढच्या चाकाला घातली. मी काय केलं? फोटो काढला. उजेड फार चांगला होता, हे मी तिथे उभा राहून मनात म्हणालो, लाज वाटते सांगायला.

तेवढ्यात सर आले, चहा आला. सरांना आजोबांची हकीकत कळल्यावर ते उडायचेच बाकी राहिले. 26 जानेवारीला विमानापुढे पाटी लावायची, ‘1971 च्या युद्धात ढाक्यावर गेलेलं विमान’ म्हणून, आणि मजकूर कुणी लिहायचा? तर मी. कारण मी जाणकार! ऑफिसात माझा फोटो आहे ना.

माझ्या पिशवीत फ्रेम 31 ची प्रिंट होती. ती मी बाहेर काढली नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच. एकदा वाटतं, राहू दे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात सहाशेहून जास्त मिग-21 तयार झाली, एका आकड्यानं कुणाचं काय बिघडतं? म्हातारा खूश आहे. मग तुझा आवाज येतो (झोपेतही भांडतोस), की आठचाही कुणी फिटर असेल, तोही एखाद्या एसटीतून या मैदानावरून जाईल आणि आपलंच विमान ओळखणार नाही. त्याचं काय? यावर माझ्याकडे उत्तर नाही, शिवी आहे.

आणि गोवा आठवतो. बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात ते भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन विमान, पावसानं आणि खाऱ्या वाऱ्यानं विटलेलं. तू अर्धा तास त्याच्याभोवती फिरून म्हणालास, हा नौदलाचा रंग वरचा आहे रे, आत एअर इंडियाची ‘रानी ऑफ एलोरा’ आहे. वेरूळची राणी खलाशाच्या वेषात, यावर आपण परतीच्या गाडीत कणकवलीपर्यंत हसत होतो. तिथे रंग बदलला तरी विमान तेच राहिलं. इथे मी विमानच बदलून टाकलं.

एक उपाय सुचलाय, हसू नकोस. तू डिसेंबरात येतोयस ना? रात्री शिडी लावू, दोन फटकारे मारू, पळू. कुणी धरलंच तर त्या भिंतीपाशी हवालदाराला सांगितलं होतंस तेच सांग, बगळ्यांचे फोटो काढतोय म्हणून. तेव्हा रोल गेला होता, आता इज्जत जाईल. पण मग आजोबा पुन्हा आले तर? त्यांनी परत येईन म्हणून सांगितलंय. पुढच्या वेळी मुलीला आणणार आहेत.

बरं, तुमचं काय? वहिनींच्या नोकरीचं जमलं का? तनूची नवी शाळा? घराचे फोटो पाहिले, छान आहे, स्वयंपाकघर लहान वाटलं. काकांच्या वर्षश्राद्धाला मी होतो, सगळं नीट झालं, काळजी करू नकोस.

आजोबांच्या फोटोची प्रिंट काढून आणलीय, 8 बाय 12. थाप मारतानाचीच आहे, हात किंचित हललेला आलाय. त्यांनी निघताना बजावलं, “मागं विमानाचा नंबर घाला बरं का.” पाकिटावर पत्ता लिहून ठेवलाय. मागची बाजू कोरी आहे. तू फोन कर, या वेळी उचलतो.

तुझा,
नंदू

ता. क. मारुतच्या यादीत आपलं एकच घर रिकामं आहे, म्यूनिकजवळच्या श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयाचं. एकूण 147 बनली, त्यातलं एक तुझ्या दारात येऊन बसलंय, आणि चार वर्षांत तुला तिकडे जायला जमलेलं नाही. जा. नंबर दोन्ही बाजूंनी काढ आणि चाकाच्या खळग्यात डोकं घालायला मिळालं तर घाल. जर्मन पहारेकऱ्याला मात्र बगळे सांगू नकोस.