चि. निखिल यास पत्र

नौपाडा, ठाणे

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

समुपदेशक मॅडम गुरुवारी घरी आल्या तरी चालेल, एवढाच तुझा मेसेज काल रात्री आला आणि तुझ्या आईने तो मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला. भेटीआधी काही गोष्टी तुला ठाऊक असाव्यात म्हणून लिहीत आहे. आमच्या माघारी तुझे कसे होईल, हा विषय मात्र काढायचा नाही असे ठरवले आहे.

पहिल्या दिवशी तुझ्या खोलीचे दार उघडलेच पाहिजे असे नाही. त्या बाहेर बसून बोलतील, तू आतून लिहून उत्तर दिलेस तरी चालेल. पुढच्या पायऱ्या तुम्ही दोघांनी ठरवायच्या: जेवणाचे टेबल, मग जिना, कधीतरी पहाटे तलावपाळीच्या काठाने फेरी. एखादी गोष्ट टाळली की तेवढ्यापुरते सुटल्यासारखे वाटते, पण पुढच्या वेळी तीच अधिक अवघड होते. म्हणून भीती ओसरेपर्यंत थोडे थांबायला शिकायचे, असे त्यांनी मला समजावले. तू सज्ञान आहेस, त्यामुळे तुझी संमती नसेल तर त्या एक पाऊलही पुढे टाकणार नाहीत, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

जपानमध्ये २०१९ च्या सरकारी अंदाजानुसार चाळीस ते चौसष्ट वयाची सहा लाखांहून अधिक माणसे अशीच स्वतःला घरात कोंडून राहत होती. ऐंशीचे आईवडील आणि पन्नाशीचे मूल, असा प्रश्न तिथे अनेक घरांत उभा आहे. मी बहात्तरचा, तू एकेचाळीसचा. नको म्हणता म्हणता तिथेच आलो.

सकाळी वेळेवर उठत जा, खिडकी उघडत जा, अंगावर ऊन घे. हा उपदेश झाला, राग मानू नकोस. २६ जुलै २००५ ला नंदाआत्याला कळव्याहून कमरेएवढ्या पाण्यातून तू चालत घरी आणलेस, वाटेत एका अनोळखी आजीलाही हात दिलास, आणि घरी येऊन फक्त चहा मागितलास. आत्या अजून तेच सांगते, आणि माझी मान प्रत्येक वेळी ताठ होते.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही दोघे आत्याकडेच जाऊ, म्हणजे तुला मोकळेपणाने बोलता येईल. प्रत्यक्ष भेटीपेक्षा व्हिडिओ कॉल बरा वाटला तर बुधवारपर्यंत कळव, मी मॅडमना सांगेन. फीची काळजी करू नकोस. पेन्शनमधून सहज निभते, आणि माझ्यानंतरही हे थांबू नये म्हणून एक ठेव तुझ्या नावे केली आहे.

तुझा,
बाबा