गोफण हरली त्याची गोष्ट

हार्टफर्ड, कनेक्टिकट

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "एवढी शिकलीस, आणि आता यंत्रांच्या झुंजी लावतेस होय?" आणि मागून बाबांचा आवाज आला, "वजन किती आहे त्याचं?" तेवढ्यात धाकट्याने फोन हातात घेतला आणि दोन्ही प्रश्न तसेच राहिले. फोनवर सांगण्यासारखं नाहीच ते. म्हणून लिहिते.

आधी बाबांचा प्रश्न. आमच्या झुंजणाऱ्या रोबोचं वजन १३६१ ग्रॅम, वर एक ग्रॅमही चालत नाही. म्हणजे ३ पौंड. या गटाला इथे बीटलवेट म्हणतात. टीव्हीवर दिसतात ते मोठे रोबो २५० पौंडांचे, आपल्या ११३ किलोंचे. आमच्या खिशाला आणि गाडीच्या डिकीला झेपणारा गट हाच. इथून सव्वा-दीड तासावर नॉरवॉक म्हणून गाव आहे, तिथे ३, १२ आणि ३० पौंडांच्या लढतींची लीग चालते, लांबलांबून माणसं येतात. तिथे जायची आमची अजून लायकी नाही. आम्ही गेलो ते एका शाळेच्या जिममध्ये भरलेल्या छोट्या स्पर्धेला.

आम्ही तिघं. एक ऑफिसातला तेलुगू मुलगा, त्याचं सोल्डरिंग बघण्यासारखं. दुसरी आमच्याच इमारतीतली मेक्सिकन बाई, बेकरीत पहाटे तीनला कामाला जाते; रिमोट चालवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. आणि मी, डिझाइनला. बाबांची मुलगी आहे म्हणजे मला लोखंडातलं कळतं, असं मीच त्यांना सांगून ठेवलंय.

आई, हा खेळ कशातून निघाला माहितीये? केरवाऱ्यातून! मार्क थॉर्प नावाच्या माणसाने १९९२ च्या सुमारास व्हॅक्यूम क्लीनर रिमोटवर चालवायचा खटाटोप केला. केर काही धड निघाला नाही, पण त्यावरून यंत्रांची कुस्ती सुचली, आणि १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला फोर्ट मेसनमध्ये त्याने पहिला आखाडा भरवला. मग १९९८ मध्ये बीबीसीने त्याचा कार्यक्रम केला आणि घरोघरी पोरं वेडी झाली. आपल्या पवईलासुद्धा आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये या लढती होतात. तेव्हा मी एकटीच येडी नाही.

आमच्या रोबोचं नाव 'गोफण'. तुझ्या माहेरी ज्वारीच्या शिवारात माळ्यावर बसून तू पाखरं हाकायचीस ती. तशीच आमचीही दगड न सोडणारी, नुसती गरगरणारी गोफण: खालच्या अंगाला पोलादाचा आडवा बार, तोच फिरून समोरच्याला हाणतो.

आता बाबा, नीट वाचा, कारण हे सगळं तुमचंच आहे. बार २० सेंटिमीटर लांब, ३०० ग्रॅमचा, मिनिटाला ६००० फेरे. टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर होतो. बारमध्ये जवळजवळ २०० ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे किलोचं माप २० मीटरवरून खाली टाकल्यावर जेवढी. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. त्यामुळे तेलुगू मुलाचं टुमणं सुरू झालं की मोटर बदलू, १२००० वर नेऊ.

कागदावर त्याचं बरोबर होतं. पण ६००० ला बार सेकंदात १०० वेळा फिरतो. दोन टोकं म्हणजे दोन दात, म्हणून दर पाच मिलिसेकंदांनी एक दात समोर येतो. आपला रोबो सेकंदाला दोन मीटरने पुढे घुसत असेल, तर तेवढ्या वेळात तो १० मिलिमीटर आत जातो, आणि दाताला तेवढाच घास मिळतो. १२००० वर नेलं की उरले पाच. ऊर्जा चौपट, पण समोरच्यात शिरायलाच जागा नाही. दात नुसता घासून जातो, ठिणग्या उडतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि समोरचा जसाच्या तसा. इथे याला 'बाईट' म्हणतात, आणि त्यावर मंडळी तासन् तास बोलतात.

बाबा, हे मिलिंगचं, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापण्याचं, फीड आहे! टेबल सरकण्याचा वेग, त्याला भागायचं फेरे आणि दातांनी. स्पीड वाढवला आणि फीड तेवढंच ठेवलं तर कटर कापत नाही, घासतो, तापतो आणि धार घालवतो. उद्यमनगरात तुमच्या कामावर मी डबा द्यायला यायचे तेव्हा शिकाऊ पोरांवर तुम्ही याच्यावरूनच ओरडत असायचात. मी ते दोघांना सांगितलं, आणि रिओच्या विद्यापीठातल्या रोबोवाल्यांनी फुकट ठेवलेल्या जाडजूड पुस्तकातलं गणितही दाखवलं. मग १२००० चा विषय संपला. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आल्यापासून आपल्याला कोण विचारतंय, असं तुम्ही म्हणता. इथे तीन माणसं विचारतायत.

बार एआर-५०० पोलादाचा आहे. मुळात खाणीत दगड घासतात तिथे लावायची ही पत्र्यासारखी प्लेट, कडकपणा ५०० ब्रिनेलच्या आसपास. गॅसने कापली तर कडेचा कडकपणा उतरतो म्हणून वॉटरजेटवर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने, कापून घेतली. अजून कडक पोलाद मिळतं, पण एका फटक्यात तुकडा उडाला तर काय घ्या. बाकी सांगाडा प्लास्टिकचा आहे. हसू नका. टीपीयू म्हणून रबरासारखं प्लास्टिक असतं, इथल्या सार्वजनिक वाचनालयात थ्रीडी प्रिंटर आहे (हो, वाचनालयात), त्यावर छापलं. ॲल्युमिनियम वाकलं की वाकलेलंच राहतं आणि चाकं अडकतात. हे मार खाऊन परत जागेवर येतं. सगळं जोडून काट्यावर ठेवलं तर चाळीस ग्रॅम जास्त. मग झाकणाला भोकं पाडत बसलो. मेक्सिकन बाई म्हणाली, आता हे पुरण गाळायलाही चालेल. पुरण शब्द तिचा नाही, माझा; पण म्हणाली ती साधारण तसंच.

आई, तुला माझ्या बोटांची काळजी वाटत असेल, म्हणून सांगते. बार फिरतो तो फक्त आखाड्याच्या बंद पेटीत, भिंती जाड पॉलीकार्बोनेट प्लास्टिकच्या. बाहेर असताना बारला खीळ लावलेली असते, आणि बॅटरीच्या वायरीत एक काढता जोड असतो, तो सगळ्यात शेवटी, पेटीत ठेवल्यावरच बसवायचा. रिमोटचा सिग्नल तुटला तर बार आपोआप थांबला पाहिजे. तसं करून दाखवल्याशिवाय तपासणीत पासच करत नाहीत. डोळ्याला चष्मा सक्तीचा. खरी भीती वाटते ती बॅटरीची. लिथियम पॉलिमरची, चार सेलची, १४.८ व्होल्ट, तिला भोक पडलं की आतल्या आत शॉर्ट होऊन पेटते आणि विषारी धूर सोडते. म्हणून ती बार आणि मोटरींच्या मधे, सगळ्यात आत. चार्जिंग आगरोधक पिशवीत आणि समोर बसून. स्वयंपाकघरात ठेवत नाही, तुझी शपथ.

आता झुंजी. तीन मिनिटांची लढत. समोरच्याला हलता येईना झालं की दहा आकडे मोजतात आणि संपलं. नाहीतर तीन पंच ठरवतात, कोणी किती मोडलं, कोण अंगावर गेला आणि कोणाचा ताबा होता.

पहिल्या लढतीत समोर उभं चक्र असलेला रोबो. पहिला फटका आमचा बसला आणि त्याचं एक चाक उडालं. आम्ही तिघं ओरडलो. पण फटका दोघांनाही बसतो. गोफण उलट दिशेला भिंतीवर आपटली. दुसऱ्या धडकेनंतर बार डुगडुगायला लागला आणि खालच्या प्लेटला घासायला लागला, मग बंद. पुढचं तुम्हाला व्हिडिओत दिसेलच: एक चाक नसलेला तो गोल गोल फिरत आमच्याभोवती येत राहिला आणि शेवटी आम्हाला उताणं पाडून गेला. दहा आकडे. उघडून पाहिलं तर ॲल्युमिनियमच्या हबमधली (बारच्या मधला गड्डा) बेअरिंगची सीट लंबगोल झालेली, बोटाने बेअरिंग हलत होतं.

सीटमध्ये पातळ पत्रा घालून, लॉकटाईट (धातू चिकटवायचा गोंद) भरून कसंबसं बसवलं. ते चाललं असताना पलीकडच्या टेबलावरून एक बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील आले. त्यांच्या मोटरचा कंट्रोलर जळला होता, जादाचा आहे का विचारत होते. आमच्याकडे एक होता. तेलुगू मुलाने तो काढून दिलाच, वर त्यांच्या वायरी सोल्डर करून दिल्या, कारण मुलीचे वडील ज्या पद्धतीने सोल्डरिंग आयर्न धरत होते ते त्याला बघवेना. आणि फलक लागला: आमची पुढची लढत त्यांच्याशीच!

हरलो. तिघांपैकी दोन पंच त्यांच्या बाजूने. आमच्याच कंट्रोलरवर चालणाऱ्या त्यांच्या पाचरीसारख्या रोबोने आम्हाला तीन मिनिटं आखाडाभर ढकलत नेलं. बार पत्र्याच्या आधारावर तीन मिनिटं टिकला याचंच मला जास्त कौतुक वाटलं. नंतर त्या मुलीने कंट्रोलर काढून परत आणून दिला, आम्ही तो घेतला नाही. आई, आता तू म्हणशील की व्यवहार म्हणून कळत नाही. पण तिथे हीच रीत आहे. ज्याला मोडायचं त्यालाच आधी उभं करून द्यायचं, कारण समोर कोणी उभंच नसेल तर एवढं सगळं बनवलं कशाला. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

दोन लढती, दोन हारी, आणि घरी येताना गाडीत तिघंही पुढच्या बारबद्दलच बोलत होतो. तेव्हा बाबा, काम आहे.

एक: पुढचा बार मला एकाच दाताचा हवाय. एकच दात म्हणजे ६००० लाच २० मिलिमीटर घास. पण दुसऱ्या बाजूला आखूड, रुंद टोक ठेवून गुरुत्वमध्य बरोबर भोकावर आणायचा आहे, वजन ३०० च्या आत ठेवून. संगणकावर मी काढलाय, तरी तुम्ही हाताने काढून बघा. माझा आकार मला कुऱ्हाडीसारखा दिसतोय, आणि मानेशी तो तुटेल असं वाटतं.

दोन: बेअरिंग. शाफ्ट स्थिर आहे, बाहेरचं कडं बारबरोबर फिरतं. म्हणजे बाहेरचं प्रेस फिट (दाबून घट्ट बसवलेलं) आणि आतलं सरकतं, असंच ना? हब ॲल्युमिनियमचा ठेवून आत पोलादाची बुश ठोकू, का हबच एन-२४ पोलादाचा करू? वजन परवडत नाहीये, पण तुमचं ऐकेन.

हे सगळं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपायच्या आत ड्रॉइंग बोर्ड काढलात तर आई मला फोन करेल, मी तिला तसं सांगून ठेवलंय. थेंब वेळेवर घाला. आईने गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवलाय असं धाकटा म्हणाला. तो कपाटाला नाही, गुडघ्याला लावायचा असतो.

ड्रॉइंगचा फोटो धाकट्याला पाठवायला सांगा. मापं मिलिमीटरमध्ये, आणि टॉलरन्स लिहायला विसरू नका.

तुमची,
थोरली