शेवटी टाकलेला मंत्र आधी लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘मॅजिक द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची ओळख करून दिलीत, याचा आनंद वाटला. पण ‘ज्याने हल्ल्याचा मंत्र आधी टाकला त्याचाच आधी लागतो’ हे त्यातले वाक्य चुकीचे आहे. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ बाजारात आला. त्यात नियम नेमका उलटा आहे आणि सगळी गंमत त्या उलटेपणातच आहे.

टाकलेला मंत्र लगेच लागत नाही, तो ‘स्टॅक’वर जाऊन थांबतो. मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावतात तसेच हे. शेवटी ठेवलेले पोते आधी उतरते. दोन्ही खेळाडूंनी लागोपाठ ‘पास’ म्हटले की फक्त सर्वांत वरचा मंत्र लागतो आणि मग पुन्हा दोघांना उत्तर देण्याची संधी मिळते.

समजा, समोर २/२ चे ‘ग्रिझली बेअर्स’ म्हणजे अस्वलाचा प्राणी-पत्ता आहे (पहिला आकडा मारण्याच्या ताकदीचा, दुसरा सोसण्याच्या; एका टर्नमध्ये दुसऱ्या आकड्याइतके डॅमेज, म्हणजे इजा, झाले की प्राणी मरतो). तुम्ही त्यावर ३ डॅमेजचा ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकलात. प्रतिस्पर्ध्याने उत्तरादाखल +३/+३ देणारा ‘जायंट ग्रोथ’ टाकला. तो वर असल्याने आधी लागतो, अस्वल ५/५ होते, मग बोल्ट बसतो आणि अस्वल वाचते. आता क्रम फिरवा. त्याने ग्रोथ आधी टाकला आणि तो स्टॅकवर असतानाच तुम्ही बोल्ट सोडला, तर अस्वल २/२ असतानाच मरते. ग्रोथला लक्ष्यच उरत नाही. तो काही न करता ग्रेव्हयार्डात, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात जातो, खर्च केलेला ‘माना’ (मंत्र टाकायला लागणारी शक्ती) देखील परत मिळत नाही. पत्ते तेच दोन, निकाल मात्र उलटा! (मंत्राला दोन लक्ष्ये असतील आणि त्यातले एकच नाहीसे झाले, तर उरलेल्यावर तो लागतोच.)

नवख्यांची हमखास चूक म्हणजे बोल्ट बसल्यावर ‘थांब, मी ग्रोथ टाकतो’ म्हणणे. तेव्हा वेळ गेलेली असते. पुढची संधी कुणाला मिळण्याआधीच खेळ प्राण्यांची अवस्था तपासतो आणि मेलेला प्राणी उचलला जातो.

वाचलेल्या अस्वलावरचे ३ डॅमेज पुसले जात नाही, हेही लिहायला हवे होते. त्याच टर्नमध्ये दुसरा बोल्ट बसला तर एकूण ६ होतात आणि ५/५ चे अस्वलही मरते. टर्न संपताना मात्र डॅमेज आणि ग्रोथची वाढ दोन्ही एकाच वेळी जातात, त्यामुळे अस्वल पुन्हा २/२ झाल्यावर मरत नाही. पोरांची सर्वाधिक भांडणे याच मुद्द्यावर होतात.

पत्त्यांवरचा मजकूर इंग्रजीत असतो. लातूर-नांदेडकडची मुले नियम एकमेकांकडून ऐकूनच शिकतात, त्यामुळे छापून आलेला चुकीचा नियम लवकर पसरतो. कृपया दुरुस्ती छापताना बोल्ट आणि अस्वलाचे उदाहरण दोन्ही क्रमांनी द्यावे, म्हणजे मुलांना पत्ते समोर मांडून पडताळता येईल.

आपले,
काही खेळाडू, लातूर