सरांच्या नावाचं व्याख्यान

खानापूर, जि. बेळगाव
रविवार, संध्याकाळ

प्रिय गड्या,

परवा फोनवर मी तुला सरांच्या नावाचं पहिलं व्याख्यान द्यायला सांगितलं, तर "बघतो, सांगतो" म्हणालास आणि विषय संपवलास. तुझ्या "बघतो"चा अर्थ मला पीयूसीपासून, म्हणजे अकरावी-बारावीपासून, माहीत आहे. म्हणून पत्र लिहितोय. पत्रात तुला मध्येच तोडता येणार नाही.

येत्या माघात सरांना जाऊन वर्ष होईल. त्यांच्या नावानं दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचं, विषय फक्त सूक्ष्मदर्शक आणि पेशी, एवढं आम्ही सात-आठ विद्यार्थ्यांनी ठरवलंय. वर्गणीही जमली. बैठकीत एकानं सुचवलं की पहिल्या वर्षी एखादा मोठा पाहुणा आणू, म्हणजे पेपरात बातमी येईल. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, सत्कार, आणि उरलेल्या वीस मिनिटांत विषय. मी सरळ विरोध केला. सरांच्या नावाचं पहिलं व्याख्यान सरांच्या हाताखाली सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप घ्यायला शिकलेल्या माणसानंच द्यायला हवं, आणि आज रोज सूक्ष्मदर्शकावर बसणारा आपल्यातला तू एकटा आहेस.

"मी एवढा मोठा नाही रे," असं तू म्हणालास. ते मनातून जात नाही. अमेरिकेतल्या पेशीविज्ञानाच्या संस्थेत कीथ पोर्टरच्या नावाचं मानाचं व्याख्यान असतं, हे तुला ठाऊकच आहे. त्या माणसाचं काम आठव. 1945 साली त्यानं अल्बर्ट क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांच्याबरोबर अख्ख्या पेशीचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं पहिलं चित्र प्रसिद्ध केलं. तेव्हा पेशीचे इतके पातळ काप घेताच येत नव्हते आणि जाड पेशीतून इलेक्ट्रॉन आरपार जात नाहीत. मग त्यानं कोंबडीच्या गर्भातल्या पेशी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर वाढवल्या. त्या पसरून कडेला आपसूक पातळ होतात. त्या पातळ कडेत त्याला लेससारखी जाळी दिसली. आपण दहावीत घोकलेली आंतर्द्रव्यजालिका ती हीच.

पण मला त्याचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. 1953 च्या सुमारास त्यानं जोसेफ ब्लम या कारागिराला बरोबर घेऊन काप घ्यायचं यंत्र बनवलं. सुरी काचेची, ताजी मोडलेली, कारण तिची धार फार टिकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके काप. तूच एकदा रात्री गच्चीवर सांगितलं होतंस, की ते काप पाण्यावर तरंगतात आणि त्यांची जाडी रंगावरून ओळखायची: रुपेरी असेल तर उत्तम, सोनेरी म्हणजे थोडा जाड, जांभळा झाला की टाकून दे. त्या रात्री मी घरी येऊन बराच वेळ जागा होतो. डबक्यावरच्या तेलासारखे रंग बघून कुणी मोजमाप करत असेल, हे तोवर माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

1974 साली पेशीच्या रचनेसाठी नोबेल मिळालं ते क्लोद, पॅलाड आणि द द्यूव या तिघांना. पोर्टर त्यात नव्हता. पण त्याच्या यंत्रावर जगभरच्या प्रयोगशाळांत काप निघत राहिले, आणि 1982 पासून त्याच्या नावाचं व्याख्यान चालू आहे. हत्यार घडवणाऱ्याची, हात तयार करणाऱ्याची आठवण अशीच ठेवायची असते, असं मला मनापासून वाटतं. आपल्या सरांनी कुठला शोध लावला? पण सूर्यफुलाचं देठ गाजराच्या फोडीत धरून, चामड्याच्या पट्ट्यावर परजलेल्या वस्तऱ्यानं ते काप घ्यायचे, तेव्हा वर्ग श्वास रोखून बघायचा. "काप पाण्यात पडला की दिसता कामा नये," म्हणायचे. तू चाळीस काप घेतलेस, एकोणचाळीस वाकडे. चाळिसावा त्यांनी ब्रशच्या टोकानं उचलला, सॅफ्रनिनमध्ये रंगवला, आणि आख्ख्या वर्गाला रांगेनं दाखवला. तुझं नाव घेऊन. त्या दिवसापासून तू बदललास, मी शेजारी बसून पाहिलंय.

तो वस्तरा सरांच्या घरच्या काकूंनी माझ्याकडे दिलाय. त्या दिवशी टेबलावर ठेवणार आहे, फोटोशेजारी.

दुसरी अडचण तू भाषेची काढलीस. "हे सगळं मला मराठीत सांगता येणार नाही." हे मात्र मला लागलं. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा लेव्हेनहुक हा हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडवाला. विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, लॅटिन येत नाही. सुमारे 50 वर्षं तो लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला आपल्या डच भाषेत पत्रं लिहीत राहिला. भाषांतर सोसायटीवाले करून घेत. पाण्यातल्या बारक्या जिवांबद्दलचं 1676 चं पत्रही डचमध्येच होतं. आज त्या सोसायटीत त्याच्या नावाचंही व्याख्यान आहे. मग तू, मातृभाषेत दहावीपर्यंत शिकलेला, आपल्याच पोरांसमोर का अडखळावंस? दहावीनंतर विज्ञान एकदम इंग्रजीत आलं तेव्हा आपण दोघं मागच्या बाकावर कसे गप्प होऊन गेलो होतो, ते विसरलास? समोर तशीच पोरं असणार आहेत. जांबोटीकडची, कणकुंबीकडची, काही नंदगडची. कन्नड माध्यमाच्या शाळेतलेही वीसेक येतील. ती पेशीला जीवकोश म्हणतात. दोन्ही शब्द फळ्यावर लिहू. सूक्ष्मदर्शकाला मात्र त्यांच्याकडेही सूक्ष्मदर्शकच म्हणतात, तेवढा एक शब्द आपला सामायिक. मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हण नाहीतर मायटोकॉन्ड्रियाच म्हण, मला दोन्ही चालेल. घरात बोलतोस तसा बोल.

आणि सगळं सांगायचा मोह धरू नकोस. अतिसूक्ष्म तपशील दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकांचं 2014 चं नोबेल, चमकणारी प्रथिनं, सगळं एका तासात कोंबलंस तर पोरं जांभया देतील. तुझ्या टेबलावरचं एकच चित्र आण आणि ते कसं मिळालं ते पहिल्यापासून सांग. वाया गेलेले दिवसही सांग. पोर्टरची चूकही सांग. उतारवयात दहा लाख व्होल्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याला पेशीभर पसरलेली बारीक जाळी दिसली. पुढे बहुतेकांनी ठरवलं, की पेशी टिकवताना वापरलेल्या प्रक्रियेनंच ती तयार झाली. पहिल्या प्रॅक्टिकलला मी काळ्या कडेचा गोल गोल पेशी म्हणून काढला होता, आठवतं? सर वाकून म्हणाले, "बाळ, हा हवेचा बुडबुडा." दिसतं ते पेशीचं की आपल्या हातचं, हा प्रश्न पोरांच्या मनात एकदा रुजला तर आमची वर्गणी वसूल झाली.

कार्यक्रम दुपारी 3 वाजता ठेवतोय, कारण कणकुंबीच्या पोरांना शेवटची बस गाठायची असते. पाच सूक्ष्मदर्शक जमलेत, सहावा कॉलेजातून मिळेल. व्याख्यान झाल्यावर प्रत्येकानं एकदा तरी डोळा लावून बघायचं: हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात फिरणारी हरितलवकं, आणि कांद्याच्या मुळाच्या टोकातली विभागणी. मुळं सकाळी लवकर कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लात घालावी लागतात, ते मी करीन. रंगवायचं कार्मिन आणि स्लाइड तुझ्याकडून. इथं मिळालेलं कार्मिन जुनं आहे, गुणसूत्रं फिकट येतात.

पुण्याहून रात्रीच्या बसनं निघालास तर पहाटे बेळगावात उतरशील. मी स्टँडवर असेन. काकूंना सांगितलंय, तू जेवायला त्यांच्याकडे.

तारीख लवकर कळव. बाटल्यांच्या तोंडावर कांदे ठेवले की मुळं बोटाच्या पेराएवढी व्हायला चार-पाच दिवस जातात, आणि थंडीत त्याहून जास्त.

तुझा,
बाकावरचा शेजारी