धरणाची टक्केवारी छापता, तशी विहिरींची पातळीपण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात रोज येतं, मांजरा किती टक्के, जायकवाडी किती टक्के. टपरीवर लोकं तेवढंच वाचून पेपर बाजूला ठेवतात आणि मांजरा भरलं की सगळ्यांना वाटतं चला, यंदा टेन्शन नाही. पण आमच्या औसा तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या शेतात मांजराचं पाणी येतच नाही हो, आमचं सगळं विहिरीवर नाहीतर बोअरवर. त्या पाण्याची टक्केवारी कुठंच छापून येत नाही म्हणून हे पत्र.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं जमिनीखाली काय चाललंय ते मला घरबसल्या कळतं. सबमर्सिबल मोटर पाण्यात बुडालेली असते तोवरच थंड राहते, पाणी खाली सरकलं आणि ती कोरडी फिरली की तापून वाइंडिंग जळतं, खोलल्याबरोबर वार्निश जळाल्याचा असा वास सुटतो की शेजारचा दुकानदार शटर ओढून घेतो. पूर्वी अशा मोटरी एप्रिल-मेमध्ये यायच्या, आता संक्रांत झाली की लाइन लागते. पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारं ड्राय रनचं यंत्र मिळतं, मी पॅनलमध्ये बसवूनपण देतो, पण महिनाभरात गिऱ्हाईक परत येतं आणि म्हणतं हे काढून टाका, मोटर सारखी बंद पडतीय. अहो, ती पाणी संपलंय म्हणून बंद पडतीय!

त्याच्या उलट ऑटो स्विच मात्र सगळ्यांना पाहिजे. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते. रात्री दोन वाजता अंधारात सापा-विंचवात जाऊन कोण मोटर चालू करणार, म्हणून ऑटो लावून ठेवायचं, लाइट आली की मोटर चालू, लाइट जाईस्तोवर पाणी चालू, उसाची सरी भरून बांधावरून रस्त्यावर आलं तरी बघायला कुणी नाही. याचा सगळा दोष मी शेतकऱ्याला देणार नाही, रात्रीची लाइट देणाऱ्यांनीच ही सवय लावली. आणि २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना बिलच नाही. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा कमी झाला ते चांगलंच, पण मोटर बंद करायला जे एक कारण होतं तेपण त्याच्याबरोबर गेलं, हे कुणी बोलत नाही.

मग पाणी गेलं की काय करायचं? दुसरं बोअर. तमिळनाडूच्या तिरुचेंगोडच्या गाड्या उन्हाळाभर गावोगाव फिरत असतात, पाणाड्या हातावर नारळ घेऊन रान फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं पॉइंट. वर मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि त्यानंतर नुसता फुफाटा, तरी मालक म्हणतो अजून पन्नास फूट घ्या. पाचशे-सहाशे फूट आता कुणाला जास्त वाटतच नाही.

आपल्याकडचा खडक बेसाल्ट, वाळूसारखं पाणी धरून ठेवणारा नव्हे. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींमध्ये, दरवर्षीचा पाऊस मुरतो तोपण मुख्यतः तिथंच. खाली एखाद्या फटीत लागलं तर ते बऱ्याचदा वर्षानुवर्षांचं साठलेलं असतं, एकदा उपसलं की लवकर भरत नाही. त्यात केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला पाइप, वरच्या काही फुटांपुरतंच टाकतात, त्यामुळं खोल बोअर कधीकधी वरच्या थरातलं पाणीसुद्धा खाली ओढून घेतं, म्हणजे एकाचं बोअर सहाशे फूट गेलं की शेजाऱ्याची पन्नास फुटी विहीर आटली. विहीर आटलेला माणूस बहुतेक दोन-तीन एकरवाला असतो, त्याला सहाशे फूट परवडत नाही. हे माझं गिऱ्हाईक तुटेल असलं बोलणं आहे पण बोलतो.

आणि हे सगळं कायद्यात बसत नाही बरं का. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी घ्यायलाच मनाई आहे. बोअरच्या गाड्यांची नोंदणीपण त्यात आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत विहीर घेण्यावरचं बंधन तर १९९३ च्या कायद्यापासूनचं. गाडी रात्रभर धडधडत असते, सगळ्या गावाला ऐकू येते, एवढी उघड गोष्ट पण तलाठ्यापासून तहसीलपर्यंत कुणाच्या कानावर जात नाही.

शेततळ्याचं वेगळंच. योजना पावसाचं पाणी अडवायची, पण खाली प्लास्टिक अंथरून बोअरनं भरलेली तळी मी स्वतः मोटर बसवायला गेल्यावर बघितलीत. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडं ठेवायचं. याला अनुदान!

उसाचं नाव घेतलं की लोकं अंगावर येतात, म्हणून थोडक्यात सांगतो. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच म्हटलंय की महाराष्ट्रात ऊस पिकाखालच्या चार टक्केपण जमिनीवर नाही आणि सिंचनाचं जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो. २०१७ ला उसाला ठिबक सक्तीचं करायचं मंत्रिमंडळात ठरलं, सक्ती कुठं दिसली ते तुमच्या बातमीदारांनी एकदा शोधावं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा वॅगन, पाच लाख लिटर. टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावलं होतं. त्यानंतर चांगले पाऊस झाले आणि आपण परत ऊस लावला, मीपण त्याच उसाच्या मोटरी भरून पोट भरलं.

दुसरीकडं काय केलं तेपण बघा. पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखेंनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, त्यात पाणी जमिनीवर नाही तर माणसांवर, माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालापण वाटा, आणि ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आमच्यापेक्षा बराच कमी पाऊस, ४०० मिलिमीटरच्या आसपास, पण शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडून मगच रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. हे उभं करणाऱ्या पोपटराव पवारांचं कौतुक सगळे करतात, बसा भरून लोकं बघायला जातात, सेल्फी काढतात आणि येताना बोअरच्या गाडीवाल्याला फोन लावतात.

केंद्राच्या अटल भूजल योजनेत आपल्याकडच्यापण बऱ्याच गावांचा पाण्याचा ताळेबंद झालाय, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलासुद्धा असतो. पण तो वाचून कुणी पेरा बदलला असं मी तरी ऐकलं नाही, कारण तो वर्षातून एकदा रंगवायचा आणि विसरायचा.

म्हणून संपादक साहेब, माझी मागणी छोटी आहे. पुण्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजते. आकडे सरकारी आहेत, कुणाची परवानगी लागायची नाही. मांजराची टक्केवारी जिथं छापता तिथंच तालुकावार विहिरींची पातळी छापा, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा किती मीटर वर, किती मीटर खाली, एवढंच. ऑक्टोबरचं माप रब्बीच्या पेरणीआधी, ऊस लागणीच्या तोंडावर पेपरात आलं तर निदान ग्रामसभेत कुणीतरी ते कात्रण घेऊन उभा राहील. जागा कमी पडत असेल तर राशीभविष्य दोन दिवस छापू नका, चालेल.

आपला वाचक,
एक मोटर वाइंडिंगवाला
औसा तालुका, जि. लातूर